अनोळखी: ७२ ४१ ०६ ९३

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत मदर सांगायच्या, राग आला की वहीत लिहा, म्हणजे तो तोंडावाटे बाहेर पडत नाही. साठ वर्षं लिहितेय. तोंडावाटे पडायचा तो पडतोच, पण लिहिण्याची सवय लागली ती लागली.

धाकटीला, माझ्या बहिणीला, जाऊन आज अठरा दिवस झाले. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेचं पत्र आलं. ‘आपल्या तक्रारीनुसार संबंधित आयाला कामावरून थांबवण्यात आले असून चौकशी २६ तारखेला होईल.’ खाली सही, आणि सहीखाली शोकसंदेश छापलेला. छापलेला शोक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि त्यातही एक काना गळलेला.

माझं म्हणणं साधं आहे. १७ जानेवारीला दुपारी धाकटीच्या छातीत कळ आली. पलंगाशी बटण आहे, भिंतीवर पेटी आहे. बटण दाबलं की व्हरांड्यात घंटा वाजते आणि आया येते, असं दाखल करताना गोड आवाजात सांगितलं होतं. आया आली अडीच वाजता, सगळं संपल्यावर. ती म्हणते, घंटा फार तर वीस मिनिटं वाजली, नऊ नंबरच्या आजोबांना अंघोळीच्या खुर्चीत ओलं सोडून येता येईना. मी म्हणते, तासभर वाजली असेल. वर मलाच ऐकवते, “बाई, ती पेटी घरच्यांनाही फोन लावते.” चोराच्या उलट्या बोंबा. मला आश्रमाचा फोन आला सव्वाचारला, आणि तो पेटीचा नव्हता, व्यवस्थापिकेचा होता.

पेटीत सगळी नोंद राहते म्हणे, पण वाचणारं कोणी नाही. मी पेटीच मागून घेतली. पावतीवर सही करून, कापडी पिशवीत घालून आणली. पलीकडच्या खुर्चीवर ठेवली आहे. धाकटी इथे यायची तेव्हा तिथेच बसायची. पेटी दुसरीकडे हलवावी असं दोनदा वाटलं, हलवली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्रवाल्याकडे गेले. वजनकाटे, टॅक्सीचे मीटर, हॉस्पिटलातली जुनी यंत्रं, सगळं दुरुस्त करतो. साठीचा, टक्कल, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. म्हणाला, पेटीला फक्त शून्य आणि एक कळतं. त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्यात पेटीच्या नोंदींचा नकाशा, म्हणजे कुठल्या जागी काय लिहिलंय ते, भरला की ते त्या शून्य-एकच्या राशीतून तारीख, वेळ, काय घडलं ते वेगळं काढून देतं.

मी म्हटलं, कागदावर छापून द्या. पडद्यावर मी वाचत नाही. एकतीस वर्षं टेलिफोन डिरेक्टरीची प्रूफं तपासली, पडद्यावर चूक लपते, कागदावर लपत नाही.

फोन नंबर विचारला. सांगितला, सत्तावीस, चौदा, साठ, एकोणचाळीस. नंबर नेहमी दोन-दोन आकड्यांनीच सांगायचा. आमच्याकडे एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचे, दुसरी प्रूफावर बोट ठेवी, आणि सगळं दोन-दोननं चाले. वर सांगितलं, दुपारी दोन ते चार फोन करू नका, वायर काढलेली असते.

“दोन ते चार काय करता?”

“गप्प बसते.”

“मी लग्न झाल्यापासून तेच करतोय,” तो म्हणाला. मला हसू आलं, दाखवलं नाही.

दोन ते चार हा शाळेचा मौनाचा तास. वसतिगृहात सगळ्या मुलींनी पलंगावर पडायचं, बोलायचं नाही. धाकटीला तेव्हा सातवं वर्ष होतं आणि ती एकटी झोपायला घाबरायची. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तीनदा वाजवायची, हळूच. म्हणजे, जागी आहेस का. मी एकदा वाजवायचं, म्हणजे, आहे. एका दुपारी सिस्टरने पकडलं आणि दोघींना गुडघ्यावर उभं केलं. त्यानंतर मी उत्तर देणं सोडलं. नियम म्हणजे नियम. ती मात्र वर्षभर वाजवत होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

छापील कागद आले. पहिल्याच पानावर एकोणिसावा महिना आणि दिवसाचा एकतिसावा तास. यंत्रवाल्याला दुकानात जाऊन सांगितलं, सगळं एक घर सरकलंय, तुम्ही सुरुवात एक आकडा उशिरा धरली. त्याने दोन्ही चष्मे वर केले, मोजलं, आणि म्हणाला, “बाई, तुम्ही या धंद्यात का नाही आलात?”

“मला वाईट संगत नको होती,” मी म्हटलं.

उगाच मिरवायचं नाही, पण बरं वाटलं. किती दिवसांनी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुरुस्त प्रत आली. शेहेचाळीस पानं. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, मग काय घडलं ते. ‘दाब’ म्हणजे बटण दोन सेकंद धरून ठेवलं, घंटा वाजली. ‘अपुरा दाब’ म्हणजे नुसतं टेकून सोडलं. घंटा वाजत नाही, पेटी फक्त टिपून ठेवते. ‘मिटवली’ म्हणजे आयाने किल्ली फिरवून घंटा बंद केली.

पहिली बेचाळीस पानं अपुऱ्या दाबांनी भरली आहेत. रोज दुपारी, दोनला एक-दोन मिनिटं इकडेतिकडे. सेकंदाच्या अंतराने तीन ओळी.

अपुरा दाब. अपुरा दाब. अपुरा दाब.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारी नाहीत, रविवारी मी तिथे असायची. बाकी सहाही दिवस आहेत. बटण सदोष होतं हे उघड आहे. उन्हाने प्लास्टिक फुगत असेल आणि आपोआप टेकत असेल. निकृष्ट माल म्हातारीच्या उशाशी लावायचा आणि महिन्याच्या महिन्याला गोड हसायचं. तक्रारीत हा मुद्दा घालणार आहे.

मोजल्या. सहाशे एकोणतीस ओळी. तिनाने भाग जात नाही, दोन उरतात. ही काय भानगड आहे ते अजून बघितलेलं नाही.

स्वयंपाकघरातला फ्रिज बंद होताना खटखट करतो. किती वेळा करतो ते आज उगाच मोजत बसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

१७ जानेवारीचं पान वाचलं. जसंच्या तसं उतरवते, नंतर कोणी म्हणायला नको.

१४:०० अपुरा दाब, तीनदा.
१४:०९ दाब. घंटा सुरू.
१४:११ बाहेर फोन. अनोळखी: ७२ ४१ ०६ ९३. घंटा गेली, उचलला नाही.
१४:१२ अपुरा दाब, तीनदा.
१४:१३ बाहेर फोन. अनोळखी: ७२ ४१ ०६ ९३. उचलला नाही.
१४:१५ तेच.
१४:१६ अपुरा दाब, तीनदा.
१४:१७ पुन्हा बाहेर फोन. १४:१९ तेच.
१४:२० अपुरा दाब, दोनदा.

त्यानंतर अपुरा दाब नाही. बाहेर फोन मात्र दर दोन मिनिटांनी, १४:३१ पर्यंत. एकूण अकरा वेळा. मग किल्ली, मिटवली.

म्हणजे आया खोटं बोलली नव्हती. बावीस मिनिटं. हे मान्य करायला जड गेलं, पण छापलेलं आहे.

यंत्रवाल्याला फोन करून विचारलं, अनोळखी म्हणजे काय. म्हणाला, पेटीचा बनवणारा सगळा नकाशा देत नाही. हा कुठलातरी नंबर असावा, कुणाचा आणि कसा लिहिलाय ते ठाऊक नाही. “मला जे कळत नाही तिथे मी अनोळखी छापतो. अंदाजानं नाव ठेवत नाही.” शहाणा माणूस आहे.

मला वाटतं हा त्यांच्या रात्रपाळीच्या कुणाचा नाहीतर मालकाचा नंबर असणार. पेटी त्याला बोलावत होती आणि तो साहेब पंख्याखाली घोरत होता. लगेच पुरवणी पत्र लिहिलं, रजिस्टरने पाठवलं. त्यातलं एक वाक्य इथे ठेवते, चांगलं जमलंय. ‘एक स्त्री मरत असताना अकरा वेळा घंटा ऐकून जो माणूस जागचा हलला नाही, त्याला यापुढे दुपारची झोप कशी लागते, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचे आहे.’

धाकटीने माझ्याकडे राहायचं म्हटलं होतं, पडली तेव्हा. मी म्हटलं, दोन म्हाताऱ्या एका घरात म्हणजे दोन मांजरी एका पोत्यात. ती हसली. पुन्हा विषय काढला नाही. हे इथे कशाला लिहितेय?

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी तीनला दारावरची बेल वाजली. मी चारच्या आधी दार उघडत नाही. चारला उघडलं तर आया जिन्यात बसलेली. उंच बाई, पन्नाशीची, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. तासभर बसली होती.

आत घेतलं. चहा नको म्हणाली. पेटीकडे पाहिलं आणि खुर्चीत न बसता उभीच राहिली. नऊ खोल्यांना दुपारी ती एकटी असते. आजोबांना सोडलं असतं तर ते पडले असते, तरी तिने तिथूनच दोनदा हाका मारल्या, कोणी आलं नाही. हे सगळं रडगाणं न गाता सांगितलं.

“तुम्ही मला कामचुकार म्हणाला असतात तर चाललं असतं, बाई. तुम्ही लिहिलंत, मारलं.”

मी म्हटलं, लिहिलंय ते चौकशीत बघू. मग तिला त्या बिघडलेल्या बटणाबद्दल विचारलं.

“बिघडलेलं नव्हतं,” ती म्हणाली. “दुपारी त्या स्वतः दाबायच्या. हलकेच, तीनदा. मी एकदा चादर बदलताना पाहिलं. म्हटलं, काय हवंय आजी? तर म्हणाल्या, हे तुझ्यासाठी नाही.”

म्हातारपणी माणसाचं डोकं कुठेही फिरतं. मी तिला तसं सांगितलं. ती पदर खोचून निघून गेली.

संध्याकाळी जेवले नाही. भूक नव्हती एवढंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

व्यवस्थापिकेचं पत्र. पुरवणी पत्राची गंभीर दखल घेतली आहे. ७२४१०६९३ हा नंबर त्यांच्या कुठल्याही कर्मचाऱ्याच्या नावावर नाही. नंबर लावून पाहिला, अस्तित्वात नाही असं उत्तर आलं. तेव्हा हा आयाचा पूर्वीचा, तिने न कळवता बंद केलेला नंबर असावा अशी समितीची ‘प्रबळ शंका’ आहे, आणि तसं ठरल्यास तिला काढून टाकण्यात येईल, दाखलाही मिळणार नाही.

प्रबळ शंका. दुबळ्या माणसावर नेहमी प्रबळ शंकाच येते. मला यात आनंद व्हायला हवा होता.

वरच्या मजल्यावर कोणीतरी खिळा ठोकतंय. तीन ठोके आणि थांबतं. वर जाऊन सांगून आले, ठोकायचा तर एकदाचा ठोका. तो म्हणाला, मी कधीचा थांबलोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौकशीसाठी कागद लावायला बसले. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ, जन्माची सवय. मूळ प्रत म्हणजे दाखल करतानाचा अर्ज, माझ्याच अक्षरातला. खोली बारा, जुळलं. दाखल तारीख, जुळली. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे, तिथे माझं नाव, बहीण, आणि नंबर.

वाचायला दुसरं कोणी नाही म्हणून दोन्ही मीच वाचत होते, मोठ्यानं. सत्तावीस. आणि उजवीकडे बोट बाहत्तरवर. चौदा. बोट एक्केचाळीसवर. साठ. शून्य सहा. एकोणचाळीस. त्र्याण्णव.

हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. आकड्यांची अदलाबदल झाली की आम्ही एक नागमोडी खूण करायचो, एका आकड्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. चार जोड्या, चार खुणा. चौथी काढून झाल्यावर मला कळलं मी काय करतेय.

पेटी प्रत्येक जोडीतले आकडे उलटे ठेवते. यंत्रवाल्याला फोन केला, कुणाचा नंबर ते न सांगता विचारलं, असं असतं का. म्हणाला, हो, फोनच्या यंत्रांत ही जुनी रीत आहे, माझ्या लक्षात यायला हवं होतं. “सापडला का मालक?”

मी म्हटलं, बघते.

दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं होती. वायर काढली नाही. काढायचा धीर झाला नाही आणि लावून ठेवायचाही होत नव्हता. चारपर्यंत फोनसमोर बसून राहिले. वाजला नाही. तो का वाजेल?

बाहेरून लावणाऱ्याला घंटा ऐकू येते. वायर काढलेली असली तरी तिकडे वाजतच राहते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

स्पष्ट लिहिते. हे मला सोडून कोणाला ठाऊक नाही. यंत्रवाल्याच्या नकाशात अनोळखी आहे, समितीला तर आपल्या घड्याळातली वेळही कोणी वाचून दाखवावी लागेल. खुणा केलेलं पान फाडून दुसरं छापून घेतलं की संपलं. आयाचं काय, दुसरीकडे मिळेल काम. दाखला नसतानाही मिळतं, लोकांना आया हव्याच असतात.

हे मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे.

सहाशे एकोणतीस ओळींचा हिशेबही लागला. शेवटच्या वेळी ती दोनवर थांबली. तिसरा राहिला. म्हणून दोन उरत होते.

बटणाची घंटा कुठे आणि कधी वाजते हे तिला नीट ठाऊक होतं. हलकं दाबलं तर कोणाला त्रास होत नाही, हेही. मौनाच्या तासाला मला त्रास द्यायचा नाही, एवढाच नियम ती पाळत होती.

चूक दिसली आणि खूण केली नाही असं एकतीस वर्षांत घडलं नाही. खूण करून पान फाडलं असंही घडलेलं नाही. पान फाडणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी आश्रमाच्या जेवणघरात होती. लांब टेबल, तिघं समितीवाले, व्यवस्थापिका, एका टोकाला आया. अध्यक्ष निवृत्त वकील, आवाज खणखणीत. त्यांनी सुरुवातीलाच माझं पुरवणी पत्र वाचून दाखवलं, अगदी थांबून थांबून, रंगवून. ‘अकरा वेळा घंटा ऐकून जो माणूस जागचा हलला नाही.’ चांगलं वाक्य वाईट ठिकाणी कसं लागतं ते कळलं. मग आयाला विचारलं, हा तुझा नंबर आहे का? ती नाही म्हणाली. तिला परत विचारलं. ती परत नाही म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठले. म्हटलं, मला प्रूफ वाचायचं आहे आणि समोर एक माणूस लागतो. आयाच्या पुढे दाखल अर्ज ठेवला, नंबरवर बोट ठेवायला सांगितलं. मी छापील कागद घेतला. म्हटलं, मी वाचते, प्रत्येक जोडी उलटी करून बघ.

बाहत्तर. तिने बोट ठेवलं, थांबली. “सत्तावीस,” ती म्हणाली. एक्केचाळीस. “चौदा.” तिसऱ्या जोडीला तिचा आवाज बारीक झाला. चौथी तिने म्हटलीच नाही. बोट तिथे होतं आणि ती वर बघत होती, पहिल्यांदा, माझ्याकडे.

अध्यक्षांनी विचारलं, नंबर कोणाचा?

“माझा,” मी म्हटलं. “दुपारी मी वायर काढून ठेवते.”

व्यवस्थापिका घाईघाईने म्हणाली, अशा वेळी कोणाचाच दोष नसतो. हे वाक्यही छापून ठेवलेलं असावं. मी म्हटलं, दोष आहे, माझा आहे, आणि नऊ खोल्यांना एक बाई ठेवणाऱ्यांचाही आहे, तो माझ्यामुळे धुऊन निघत नाही. पहिली तक्रार मागे घेते, दुसरी आत्ता लिहून देते. तिथेच बसून दीड पान लिहिलं. अक्षर हललं नाही याचं मला नवल वाटलं.

आयाला सोमवारपासून परत घेतलं. बाहेर फाटकाशी मी तिला गाठलं. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, तरी मागितली. तिने ऐकून घेतली. म्हणाली, “बघू, बाई.” मग चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, “त्या कधी चिडून नाही दाबायच्या. हसायच्या.”

हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की वाईट, अजून ठरवता येत नाही.

३ मार्च, सोमवार

पेटी आश्रमाला परत केली, पावती घेतली. त्यांनी छापील पानंही मागितली, ती मी दिली नाहीत. ती माझ्याकडे राहतील.

फोनची वायर आता काढत नाही. दोनला खुर्ची ओढून बसते. समोरची खुर्ची रिकामी आहे. आज यंत्रवाल्याचा फोन आला, अडीच वाजता. नंबर माझाच होता हे मी त्याला नंतर सांगितलं होतं. नकाशात त्याने तो कप्पा भरलाय, आता पेटी कोणाचीही असली तरी तिथे नीट ‘नातेवाईक’ असं छापून येईल. मी म्हटलं, दुपारी दोन ते चार फोन करू नका असं सांगितलं होतं ना. तो ओशाळला. मी म्हटलं, नाही, करा. कधीही करा.

ठेवल्यावर टेबलावर बोटाने एकदा वाजवलं. मग स्वतःचाच राग आला. एक हे उत्तर आहे. आधी तीन ऐकू यावे लागतात.